दोन पगड्या

वसंत खैरनार रंगमंचावर जितक्या वेळा मेले, तितक्या वेळा बुऱ्हाणपुरात दुसरं कोणी मेलं नसेल. नोकरी वीज मंडळाच्या कचेरीत, बिलाच्या खिडकीमागे. पण संध्याकाळ झाली की माणूस राजा व्हायचा. मराठी मंडळाच्या प्रत्येक नाटकात राजा असला की तो वसंतरावांचा, आणि त्या राजाला तिसऱ्या अंकात मरण असलं तर मग विचारूच नका. सिंहासनाच्या पायरीवर हात टेकून, मुकुट किंचित कलता ठेवून, मुलाचं नाव घेत ते असे प्राण सोडायचे की पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या आणि शेवटच्या रांगेतल्या पानवाल्यालाही प्रत्येक शब्द ऐकू जायचा. पडदा पडला की हेच वसंतराव सगळ्या नटांना स्वतःच्या खर्चाने चहा पाजायचे. कुणी रिकाम्या हाताने घरी गेलेलं त्यांना बघवत नसे.

अंगावरची राजवस्त्रं अर्थातच मेव्हण्यांची. शनवाऱ्याच्या गल्लीत आत्माराम बोरशांचं ‘बोरसे ड्रेपरी’ म्हणजे नाटकांचे, रामलीलांचे, शाळेच्या गॅदरिंगचे कपडे भाड्याने देणारं दुकान. खाली दुकान, मागे अंगण, वर राहतं घर. आत्माराम हे वसंतरावांच्या थोरल्या बहिणीचे, सिंधूताईचे यजमान. वसंतराव त्यांना दाजी म्हणत. थोरला मुलगा प्रशांत गिऱ्हाईक सांभाळायचा. कोणत्या गावाचं मंडळ काय मागेल हे त्याला आधीच ठाऊक असे. धाकटा नितीन शिवणयंत्रावर बसायचा. फाटलेली शेरवानी त्याने रफू केली की शिवण शोधून सापडत नसे. एकाची जीभ, दुसऱ्याचे हात, आणि वर दाजींचं डोकं. दुकान उत्तम चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी दाजींचं दुखणं वाढलं, जिने चढणं-उतरणं बंद झालं, तेव्हा वसंतराव रोज दिवेलागणीला तिकडे जाऊन बसू लागले. प्रशांतची मुलगी नेहा तेव्हा कॉलेजात होती. तिने मोबाईल टीव्हीला जोडून आजोबांना एक परदेशी मालिका लावून दिली. हिंदीत बोलणारी, अवकाशातली. चार चंद्र असलेल्या एका ग्रहाचा म्हातारा सम्राट भर मेजवानीत कोसळतो. वारस कोण ते त्याने सांगितलेलं नसतं. एक मुलगा राजवाड्यात असतो, दुसरा आरमार घेऊन दूर कुठल्या चंद्रावर. दोघांचाही राज्याभिषेक एकच पुरोहित एकाच दिवशी, दोन ठिकाणी उरकतो, आणि पुढच्याच भागात सगळी जहाजं दोन रंगांत वाटली जाऊन एकमेकांवर आग ओकू लागतात.

दाजींना त्यातले फक्त कपडे दिसायचे. म्हणायचे, एवढा मोठा सम्राट आणि झग्याला अस्तर नाही, वारा आला की लाज जाईल. पण वसंतरावांना ती गोष्टच खटकली. जन्मभर सिंहासनावर बसलेल्या माणसाला सिंहासनाची अशी थट्टा सहन होईना.

त्यांचं म्हणणं असं होतं की राजा मेला म्हणून कोणी दुसऱ्या दिवशी लढायला उठत नाही. त्या जहाजांवरच्या सैनिकांना बायका-पोरं असतील, कुणाची आई आजारी असेल, कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलं असेल. ते म्हणतील, दिवाळी होऊ द्या, मग पाहू. यादवी व्हायला वर्षानुवर्षांचं वैर लागतं, एखादा कपटी प्रधान लागतो, एखादी सावत्र आई लागते. इथे तर दोघे भाऊ पहिल्या भागात एका ताटात जेवताना दाखवलेत. आणि सगळ्यात मोठी खोट म्हणजे तो राज्याभिषेक. एका राज्याला दोन राजे करील इतका मूर्ख पुरोहित लिहिणाऱ्याने आणला कुठून?

नेहा हसून हसून लोळायची. ‘मामाआजोबा, तुम्ही पण ना. व्हिलन पाहिजेच का? दोघांना फक्त एवढंच पाहिजे होतं की समोरच्याने आधी म्हणावं, तू बस. कोई नहीं बोला. बस, इतनी सी बात.’

‘एवढ्याशा बातेवर चार चंद्र जळत नाहीत, बाई,’ वसंतराव म्हणाले, आणि मग मांडीवर हात आपटून, राजाच्या थाटात, मेव्हण्यांकडे वळले. ‘विचार तुझ्या आजोबांना. काय दाजी, आपल्या राज्याचा वारस कोण? एकदा जाहीर करून टाका.’

दाजी खोकत खोकत हसले. ‘राज्य कसलं रे वसंता. पेट्या आहेत. आणि अजून मी आहे ना.’

प्रशांत आणि नितीन दोघेही तिथेच होते. दोघेही हसले आणि टीव्हीकडे पाहत राहिले. सिंधूताईने चहाचे कप उचलले. विषय तिथेच संपला, कारण वसंतरावांनी लगेच त्या बिनअस्तराच्या सम्राटाची नक्कल करून दाखवली आणि खोलीभर हशा पिकला.

यंदाच्या श्रावणात दाजी गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. राजघाटावर, तापीच्या काठी, सगळं रीतसर झालं. दिवस कार्याचे सुरू झाले आणि तेराव्याची पगडी कोण आणणार हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. पगडी मामाने आणायची असते, आणि मामा एकच होते.

बुऱ्हाणपूर हे दोन मुलखांच्या शिवेवरचं गाव. वरच्या अंगाला निमाड, खालच्या अंगाला खानदेश. इथली निमाडी रीत अशी की तेराव्याला, चार लोकांत, मामाने थोरल्या मुलाच्या डोक्यावर केशरी पगडी बांधायची. मग जमलेला प्रत्येक जण पुढे येऊन त्याला टिळा लावतो. घराचा कारभारी आता हा, असा तिचा अर्थ. खाली रावेर-जळगावकडे रीत वेगळी. तिथे प्रत्येक मुलाला टोपी-उपरणं मिळतं, थोरला-धाकटा भेद नाही. त्याचा अर्थ एवढाच की दुखवटा संपला, आता कामाला लागा. बोरसे कुटुंब तीन पिढ्या बुऱ्हाणपूरचं, म्हणून त्यांच्याकडे पगडी. नितीनची बायको पल्लवी रावेरची, म्हणून तिच्या माहेरच्यांच्या डोक्यात टोपी-उपरणं.

वसंतरावांनी बहिणीला विचारलं. सिंधूताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, तुला बरं वाटेल ते आण.

इतवाऱ्याच्या कापडबाजारात वसंतराव बराच वेळ उभे राहिले. प्रशांतला पगडी तर बांधायचीच होती. पण नितीनचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. बापाचं पथ्यपाणी त्याने केलेलं, रात्री-अपरात्री पाठीवरून हात फिरवणारा तोच. भरल्या अंगणात तो उघड्या डोक्याने बसणार, आणि बाजूला रावेरचे सासरे बघत राहणार? साधी टोपी आणावी असंही मनात आलं. पण एकाला रेशमी केशरी पगडी आणि दुसऱ्याला पांढरी टोपी, हे त्यांच्या नटाच्या डोळ्याला फारच केविलवाणं दिसलं. त्यांनी दुकानदाराला सांगितलं, दोन काढा. एकाच ठाणातल्या, एकाच कापडाच्या.

संख्या खानदेशाची घेतली आणि वस्त्र निमाडाचं. या गावचा, दोन्हीकडे सोयरीक असलेला, मऊ मनाचा माणूसच अशी चूक करू जाणे. घरी येताना त्यांना फार बरं वाटत होतं.

तेराव्याला अंगण भरलं होतं. यंत्रमागवाले, केळीचे व्यापारी, गावोगावच्या मंडळांचे अध्यक्ष, रावेरचे पाहुणे. वसंतरावांनी प्रशांतला पाटावर बसवलं आणि पगडी बांधली. शेवटचा पेच त्यांनी असा झोकात खोचला की दोघा-तिघांच्या तोंडून ‘वा’ गेलं. लोक टिळा लावायला उठायला लागले. तेवढ्यात वसंतरावांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. प्रयोगात टाळीच्या वाक्याआधी घ्यायचे तेवढा श्वास घेतला, पिशवीतून दुसरी पगडी काढली आणि नितीनला हाक मारली.

टिळ्याला उठलेले लोक जागीच थांबले. नितीन गोंधळून उठला, मामांपुढे बसला. मामांनी तीही तितक्याच प्रेमाने बांधली. ती बांधून झाल्यावर रावेरचे सासरे उठले, नितीनला टिळा लावला आणि मोठ्यांदा म्हणाले, ‘जावईबापू, सांभाळा आता.’

त्यानंतर जे झालं ते वसंतरावांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. टिळा लावणाऱ्यांच्या दोन रांगा झाल्या. कुणी ठरवलं नाही. ज्याचा व्यवहार प्रशांतशी तो इकडे, ज्याचे कपडे नितीनने शिवलेले तो तिकडे. काही जण मध्येच उभे राहिले, कुंकवाचं बोट वर धरून, आपण कुठे जावं हे न कळून. मग इकडच्याने तिकडच्या रांगेकडे पाहिलं, तिकडच्याने इकडे. दोघे भाऊ समोरासमोर बसले होते, डोक्यावर एकाच ठाणाचं केशरी, आणि एकमेकांची रांग किती लांब आहे ते न पाहण्याचा प्रयत्न करत होते.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे एकाच वेळी दुकानाच्या दाराशी आले. प्रशांत म्हणाला, उघड तू. नितीन म्हणाला, नको दादा, तूच उघड. दोघांचे आवाज मऊ होते, आणि दुकान अकरा वाजेपर्यंत बंद राहिलं. मग गिऱ्हाईक विचारू लागलं, सेठ कोण? कामगार विचारू लागले, सुटी कुणाकडे मागायची? प्रशांतने एका मंडळाला शब्द दिला, तो नितीनला कळला नाही. नितीनने एक पोशाख मोडीत काढला, तो प्रशांतने भाड्याला लावला होता. कुणीतरी प्रशांतला म्हणालं की पगडी पहिली तुझी. दुसऱ्या कुणी नितीनला सांगितलं की मामांनी सगळ्यांना थांबवून बांधली ती तुझी, म्हणजे मनातली तीच. गणपती बसायच्या आत नितीनने वर वेगळी चूल मांडली, प्रशांत खाली राहिला आणि पेट्या वाटल्या गेल्या.

त्या वाटणीच्या दिवशी वसंतराव हजर होते. सेटचे सेट फुटले. मुकुट प्रशांतकडे, तलवारी आणि धनुष्यं नितीनकडे. रामाची वस्त्रं खाली राहिली, रावणाच्या दहा तोंडांचा सांगाडा जिन्यावरून वर गेला. सिंहासन खाली, त्यावरचं छत्र वर. अर्धा दरबार घेऊन कोणतं नाटक होणार होतं? दोघांनाही ते कळत होतं, आणि दोघेही मोठ्या मनाने ‘घे, तू घे’ म्हणत एकमेकांना निरुपयोगी वस्तू देत होते.

संध्याकाळी नेहाने नेहमीसारखा टीव्ही लावला. तिलाही दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. पडद्यावर धाकटा राजपुत्र जहाजाच्या टोकावर उभा राहून थोरल्याला शाप देत होता, लांबलचक. वसंतराव पाहत राहिले. मग म्हणाले, ‘नेहा, मी म्हणालो होतो हे होत नाही म्हणून. होतं गं. पण असं बोलून होत नाही. तिथे चुकतंय त्यांचं. इतकं स्वच्छ बोलता आलं असतं तर युद्ध कशाला झालं असतं?’

नेहाने आवाज बंद केला. 

‘तो पुरोहित,’ वसंतराव पुढे म्हणाले, ‘मी त्याला मूर्ख म्हणत होतो. त्याला वाटलं असेल, कुणाला वाईट वाटू नये.’

पितृपक्ष लागायच्या सुमारास बहादरपूरचे मधुकर पाटील आले. त्यांच्या गावची नवरात्रातली रामलीला आत्मारामदाजींच्या कपड्यांशिवाय कधी झाली नव्हती. ते आधी खाली दुकानात गेले. प्रशांत म्हणाला, जरूर देतो काका, पण माझ्या मुकुटासोबत वरची तलवार स्टेजवर दिसता कामा नये. ते वर गेले. नितीनने चहा दिला आणि तेच सांगितलं, उलट बाजूने. मधुकरराव जिना उतरून अंगणात आले तेव्हा सिंधूताई आणि वसंतराव तिथे बसले होते.

‘ताई,’ ते म्हणाले, ‘आमच्या रामाला मुकुट मिळू राहिला, धनुष्य नाही. रावणाला दहा तोंडं मिळू राहिली, पण नेसायला काही नाही. मी काय लढाई दाखवू? खंडव्याहून मागवतो आता. वाईट वाटतं, पण मागवतो.’

ते गेल्यावर सिंधूताई बराच वेळ सुपातले तांदूळ निवडत राहिली. दोन्ही मजल्यांवर भाजी ताईच पाठवायची. दोन्हीकडून डबा रिकामा यायचा आणि दोन्हीकडून विचारणा व्हायची की दुसरीकडे जास्त दिली का. शेवटी तिने सूप खाली ठेवलं. ‘वसंता, बांधली तू. सोडायची पण तूच. मला माझी दोन्ही पोरं एका घरात पाहिजेत.’

वसंतराव आधी नितीनकडे गेले. एकटे, हळूच. थोरल्याचा मान राहू दे, असं काहीतरी बोलले. नितीनने शिवणयंत्राचं चाक हाताने थांबवलं.

‘मामा, मी पगडी मागितली नव्हती. तुम्ही हाक मारली, मी येऊन बसलो. आता घरात गुपचूप काढून देऊ म्हणता? उद्या लोक म्हणतील, धाकट्याने चोरली होती, परत केली. चार लोकांत बांधली ना? मग तुमच्या हाताने, तुमच्या तोंडाने, चार लोकांतच सोडा. मी नाही म्हणणार नाही.’

दाजींच्या मासिक श्राद्धाला वसंतरावांनी तीच माणसं पुन्हा बोलावली. रावेरचे सासरे आले, मंडळांचे अध्यक्ष आले, मधुकरराव आले. जेवणं व्हायच्या आधी वसंतराव अंगणाच्या मधोमध उभे राहिले. काय बोलायचं ते त्यांनी पाठ केलं नव्हतं; आयुष्यात पहिल्यांदाच पाठ न करता ते लोकांपुढे उभे होते. म्हणाले की त्या दिवशी चूक माझी झाली. दोन रिती मी एकात कालवल्या. या घराची रीत एका पगडीची आहे आणि ती प्रशांतची. नितीनचा यात काही दोष नाही.

मागून कुणीतरी ओरडलं, ‘मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही.’

ज्या माणसाचा मरतानाचा शब्द शेवटच्या रांगेला ऐकू जात असे, त्याला आपली चूक पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. दुसऱ्यांदा आवाज चढला, पण ‘नितीनचा यात काही दोष नाही’ या वाक्यावर घसा बसला, आणि नेमकं तेच वाक्य मागच्यांना पुन्हा ऐकू गेलं नाही.

नितीन वरून पगडी घेऊन आला. बांधलेली होती तशीच ठेवली होती त्याने, पेच न विस्कटता. मामांच्या समोर उभा राहून त्याने ती सोडली, घडी घातली, शिंप्याच्या हाताची सरळ घडी, आणि मामांच्या ओंजळीत ठेवली. वसंतराव प्रशांतकडे पाहत होते. आता तो उठेल, भावाला जवळ घेईल, म्हणेल राहू दे रे. एवढंच हवं होतं. प्रशांत जमिनीकडे पाहत बसला होता. त्याच्या मनात काय होतं कोण जाणे. कदाचित तोही वाट पाहत असेल. रावेरचे सासरे न जेवताच उठले.

दुपारी वरून पेट्या उतरू लागल्या. नितीन स्वतः उतरवत होता. तलवारी तेल लावून कापडात गुंडाळलेल्या, धनुष्यांच्या दोऱ्या नव्या, छत्राची झालर दुरुस्त केलेली, रावणाच्या एका तोंडाचा उडालेला रंगही भरलेला. वसंतराव म्हणत राहिले की अरे, दुकान दोघांचं आहे, पगडी म्हणजे काही दुकान नाही. नितीन म्हणाला, ‘असू द्या मामा. अर्ध्यात कुणाचंच भलं नाही. सासऱ्यांची केळी पिकवायची कोठी आहे, तिथे माणूस पाहिजेच आहे.’ पल्लवीने घरात कुंकू लावून घेतलं, सासूच्या पाया पडली. सिंधूताईने सुनेच्या पाठीवर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. ऑटोरिक्षा गल्लीत उभी होती. प्रशांत दुकानात होता, पेट्या लावत. ऑटो सुरू झाली तेव्हा तो बाहेर आला, पण तोवर ती वळणाशी पोचली होती.

मधुकररावांना संपूर्ण सेट मिळाला. ते खूश झाले, वसंतरावांचा हात हातात घेऊन म्हणाले की तुमच्यामुळे गावची लीला वाचली, पहिल्या दिवशी पुढच्या खुर्चीवर या. वसंतरावांनी येतो म्हटलं. जाण्याचा त्यांचा विचार नव्हता.

पंगती उठून गेल्या होत्या. सिंधूताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती, पुढ्यात झाकलेलं ताट. वसंतराव तिच्याजवळ खाली बसले. दुकान एक झालं ताई, असं सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण तिने आधीच विचारलं.

‘वसंता, नितीन जेवून गेला का रे?’

वसंतरावांना आठवेना. त्यांनी प्रशांतला हाक मारली आणि विचारलं. प्रशांत दुकानाच्या दारात आला, हातात कुलूप होतं, आणि त्यालाही सांगता आलं नाही.